'आधी'चा फोटो

२ फेब्रुवारी

आज बागशिक्षण केंद्रात मीटिंग. समन्वयक मॅडमनी जाहीर केलं की यंदापासून आम्हा स्वयंसेवी बागशिक्षकांच्या गटांमधून सर्वोत्तम सामूहिक प्रकल्पाला पुरस्कार मिळणार. वैयक्तिक नाही हं, सामूहिक, असं त्या माझ्याकडे बघून दोनदा म्हणाल्या. मीच तेवढी नीट लक्ष देऊन ऐकत होते म्हणून असेल.

पुरस्कार आपल्याला मिळणार. लिहून ठेवते. वाचनालयामागे उकिरडा होता, तिथे आज पालक, मुळा, टोमॅटो, घेवडा आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यात समाजशास्त्राची, त्यात प्रशिक्षित बागशिक्षिका. आणखी काय पाहिजे त्यांना?

संकल्प: आजपासून 'मी' म्हणायचं नाही. 'आम्ही' म्हणायचं. मी हे कटाक्षाने पाळणार आहे.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

बाबा गॅरेजमधून येऊन हात धूत होते तेव्हा पुरस्काराचं सांगितलं. म्हणाले, त्याने पोट भरतं का? दादा म्हणाला, भरतं की, मुळे खाऊन. घरात पहिली ग्रॅज्युएट झाली ती माती उकरायला, म्हणाला. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. तो बारावीला दोनदा बसलाय.

बाबांनी ओळखीच्या टाइल्सच्या शोरूममध्ये माझ्यासाठी शब्द टाकलाय. काउंटर. एक एप्रिलपासून. मी सांगितलं, पुरस्कार मिळवणाऱ्या शिक्षिकेला केंद्रात कायमची नोकरी मिळते. मॅडम असं म्हणालेल्या नाहीत, पण मिळायलाच हवी हे उघड आहे. शेवटी ठरलं: पुरस्कार आला तर शोरूम रद्द, नाही आला तर चकार शब्द न काढता जायचं.

आई म्हणाली, करू दे की तिला जे आवडतं ते, आपल्याला कुठे जमलं. आईला यातलं काही कळत नाही, पण तिचा पाठिंबा आहे. याची नोंद असावी.

९ फेब्रुवारी, रविवार

गटाची सभा. हजर: आई, निवृत्त पोस्टमास्तर, शिंपीणबाई आणि हो-हो काका (बेकरीवाले. त्यांना काहीही सांगा, हो हो म्हणतात. आदर्श सदस्य).

चार्ट लावून 'इम्पॅक्ट' म्हणजे काय ते समजावलं. पोस्टमास्तरांनी विचारलं, चहा चार्टच्या आधी की नंतर? शिंपीणबाई म्हणाल्या, अगं बाई, घरात बोलायला कुणी नाही म्हणून येतो आम्ही इथे, त्याचा कसला प्रकल्प करतेस? हे अर्जात कुठे बसतं का ते पाहिलं. कुठेच बसत नाही. सोडून दिलं.

आई चार्ट संपेपर्यंत घेवड्याच्या मांडवाखालीच. भिंतीलगतचा कोपऱ्यातला वाफा तिचा. वेलांशी बोलते. घरी दिवसभरात बोलत नाही तेवढं इथे तासाभरात बोलते, आणि हसते ते शिंपीणबाईंच्या पाठीत थाप घालून. तिला बाजूला घेऊन सांगितलं की परीक्षक येतील तेव्हा इतक्या मोठ्याने नको. ती बरं म्हणाली आणि गप्प झाली. समजूतदार आहे.

१२ फेब्रुवारी

अडचण. अर्जाला दोन फोटो लागतात. एक 'आधी', एक 'नंतर'. 'नंतर'चा उत्तम आहे: आईचा मांडव, फुललेला, मागे वाचनालयाची पोपडे आलेली भिंत. 'आधी'चा नाही. कुणीच काढला नाही.

सगळ्यांचे फोन तपासले. शिंपीणबाईंकडे पहिल्या दिवसाचा एक फोटो आहे, त्यात सगळे वडाच्या झाडापाशी बसून खातायत. पोस्टमास्तरांकडे एक आहे, त्यात त्यांचा अंगठा आहे. उकिरड्याचा फोटो कोण काढतं, असं तेच मला विचारू लागले. मी, बागशिक्षिका, काढायला हवा होता असं त्यांच्या बोलण्यातून सूचित होत होतं. त्या दिवशी मी भाषण करत होते. एक माणूस किती गोष्टी करणार?

१४ फेब्रुवारी

सुचलं!

'आधी' नसेल तर 'आधी' तयार करता येतं. ही लबाडी नाही. उकिरडा खरोखर होता, आम्ही फक्त तो परत उभा करणार. इतिहासात याला पुनर्रचना म्हणतात. फक्त कोपरा तोच हवा आणि भिंतही तीच, नाहीतर परीक्षकांना दोन फोटोंचा संबंध कळणार नाही.

म्हणजे आईचा वाफा.

१५ फेब्रुवारी

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आई आठवड्यासाठी तिकडे गेली. रिक्षात बसता बसता म्हणाली, वेलांना पाणी घाल गं, फुलं धरलीत आता. मी म्हटलं, तू निर्धास्त जा.

वाफ्याचं तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, मग उगाच विचारून काय उपयोग?

१७ फेब्रुवारी

काम फत्ते.

वेल उपटले, मांडव उतरवला. हो-हो काकांना बेकरीमागची रिकामी पोती, फुटकी बादली आणि तेलाचे डबे मागितले. हो हो म्हणाले. कशाला ते सांगितल्यावर मात्र नाही म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हा शब्द प्रथमच ऐकला. म्हणाले, तुझी आई आल्यावर काय सांगशील? मी म्हटलं, काका, हे आम्ही सगळ्यांसाठी करतोय. ते म्हणाले, सगळे म्हणजे कोण? उत्तर देत बसले नाही, उजेड जात होता. बेकरीमागून पोती, बादली मीच ओढत आणली.

फोटो अप्रतिम आलाय. बादली अगदी नैसर्गिक पडली. खऱ्या उकिरड्यापेक्षा जास्त उकिरडा वाटतो. वेल कंपोस्टच्या खड्ड्यात टाकले, म्हणजे काहीच वाया गेलं नाही. अर्ज लगेच पाठवला.

संकल्प: उद्या पोती उचलायची, नवं बी पेरायचं. आई येईपर्यंत कोंब येतील.

२० फेब्रुवारी

पोती आज उचलली. (काल आणि परवा डोकं दुखत होतं.) भिजवलेलं बी लावलं. मातीत मुंग्या बऱ्याच दिसल्या. पोती साखरेची होती, हे काकांनी आधी सांगायला हवं होतं.

२२ फेब्रुवारी

आई आली. पिशवी दारात ठेवली आणि चप्पल न काढता तशीच बागेकडे गेली. मी मागून गेले, पुनर्रचना समजावून सांगावी म्हणून. ती कोपऱ्यापाशी उभी होती. मी बोलले. बरंच बोलले. परीक्षक, भिंत, आधी, नंतर, सगळं.

तिने एवढंच विचारलं, शेंगा लागल्या होत्या का?

मी म्हटलं, नाही, नुसती फुलं होती.

बरं, म्हणाली. घरी येऊन सगळ्यांसाठी चहा टाकला, मलाही दिला. फार समंजसपणे घेतलं तिने. उगाच घाबरत होते मी. आम्ही.

(चार-दोन शेंगा लागल्या होत्या. पण अगदी बारीक.)

२ मार्च, रविवार

सभेला कुणी आलं नाही. पोस्टमास्तरांचा गुडघा. शिंपीणबाईंना लग्नाचे कपडे. आई म्हणाली, आज पाय दुखतायत. पाय दुखत असताना ती दुपारी शिंपीणबाईंच्या दुकानाकडे गेली, ते औषधाला असेल.

पोस्टमास्तरांनी खुरपं परत पाठवलं, स्वच्छ धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून. मी लावलेली शिस्त दिसते.

बी उगवलं नाही. उकरून पाहिलं. मुंग्यांनी नेलं.

८ मार्च

अंतिम यादीत आमचं नाव! मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, तुझे दोन फोटो परीक्षकांना फार आवडले, एवढा फरक त्यांनी कुठेच पाहिला नाही. सोळा तारखेला प्रत्यक्ष बघायला येतायत. गटाला हजर ठेव, म्हणाल्या, त्यांना सगळ्यांशी बोलायचंय.

बाबांना सांगितलं. बाबा पहिल्यांदाच पेपर बाजूला ठेवून म्हणाले, म्हणजे खरंच काहीतरी आहे तर. आईने पोळी वाढली.

फक्त वाफा भरायचाय. आणि गट.

११ मार्च

गट जमवायला निघाले.

पोस्टमास्तर: बसून गुडघा दुखतो आणि उभं राहूनही दुखतो, तुझ्याकडे तिसरी काही सोय आहे का?

हो-हो काका: पोती परत लागली तर सांग.

शिंपीणबाई मशीनवरच होत्या. दाताने दोरा तोडून म्हणाल्या, आम्ही कुठल्या फोटोत बसायचं बाई, आधीच्या की नंतरच्या? मी म्हटलं, तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. त्या म्हणाल्या, तुझी आई परवा इथे बसून रडली, ते पण आमच्यासाठीच का? आणि मशीन सुरू केलं. त्या मशीनचा आवाज फार होतो, नीट चर्चा होऊ शकली नाही.

आई रडली वगैरे काही नसणार. घरी तर रडत नाही.

१५ मार्च

नर्सरीतून घेवड्याची रोपं आणायला गेले. घेवड्याची रोपं कुणी विकत नाही, बी लाव म्हणाले. झेंडू आणला. लावला. दुपारी उन्हाने माना टाकल्या. पाणी घातलं. संध्याकाळी मुंग्या.

उद्या सकाळी आईला सांगणार: तू फक्त ये, बोलायला नको, नुसती उभी राहा. सांगितलं नाही अजून. ती दिवसभर कामात होती. मीही.

१६ मार्च, रविवार

दोन परीक्षक. एक पांढऱ्या केसांच्या बाई, एक तरुण गृहस्थ, दोघंही अतिशय सज्जन. बरोबर मॅडम.

बाईंनी विचारलं, गट कुठाय? मी म्हटलं, आमचा गट विकेंद्रित पद्धतीने काम करतो. मॅडमनी वर आभाळाकडे पाहिलं.

पालक, मुळा सगळं दाखवलं. पाण्याअभावी थोडं वाळलंय, कारण पाण्याची पाळी सगळ्यांची असते आणि सगळे आलेले नाहीत. मग त्यांनी स्वतःच विचारलं, फोटोतला तो कोपरा कुठला? दाखवला. मोकळी माती, मेलेला झेंडू, आणि एक फुटकी बादली जी उचलायची राहून गेली होती. गृहस्थांनी अर्जातले फोटो काढले. एकदा फोटो, एकदा कोपरा. भिंतीचे पोपडे जुळवून पाहिले. मग माझी अडचण सोडवावी तसे हळूच म्हणाले, ताई, गडबडीत फोटोंचा क्रम उलटा लागलाय बहुतेक. हा 'नंतर'चा आहे ना?

त्यात बादलीसुद्धा तीच.

तेवढ्यात आई आली. तांब्या-भांडं घेऊन. घरी पाहुणे आल्यासारखी, पदर नीट करून. दोघांना पाणी दिलं, मॅडमना दिलं. माझ्या जीवात जीव आला. बाईंनी भांडं परत देताना हसून विचारलं, तुम्ही पण या गटात का?

आई म्हणाली, होते.

आणि तांब्या उचलून गेली. भिंतीकडे तिने पाहिलं नाही.

३० मार्च

निकाल. पुरस्कार दुसऱ्या गटाला. त्यांनी कोंबड्या पाळल्या म्हणे, आणि सगळे मिळून अंडी वाटतात. परीक्षक भावनेच्या आहारी गेलेले दिसतात. आम्हाला 'सहभाग' प्रमाणपत्र, गटाच्या नावाने. मॅडम म्हणाल्या, गटात वाचून दाखव. कुणाला?

बाबांनी शोरूमच्या मालकांना फोन करून मंगळवारी येतेय एवढं सांगितलं. दादा चिडवेल म्हणून तयार होते. त्याने चिडवलंच नाही. हे बरोबर नाही.

१ एप्रिल

शोरूम. काउंटर. मालक म्हणाले, गिऱ्हाईकाला समजावून सांगत बसू नका, नुसत्या टाइल्स दाखवा.

२४ एप्रिल, संध्याकाळ

शोरूममधून येताना शिंपीणबाईंच्या दुकानावरून आले. रोज मागच्या गल्लीने येते, आज तिथे रस्ता खोदलाय.

पायरीवर सगळे होते. पोस्टमास्तर (मांडी घालून, गुडघ्याला काही झालेलं नाही), हो-हो काका, शिंपीणबाई, मध्ये आई. आई काहीतरी सांगत होती आणि शिंपीणबाईंच्या पाठीत थाप घालून हसत होती. मोठ्याने. रस्त्याच्या या बाजूपर्यंत ऐकू आलं. त्यांच्यामध्ये बेकरीचा तेलाचा डबा, डब्यात माती, आणि त्यातून दोन वेल शटरशेजारी बांधलेल्या दोरीवर चढलेले. घेवडा. आईने बी कधी ठेवलं होतं कोण जाणे. मला म्हणाली नाही.

खरं तर हाच प्रकल्प आहे. जागा नाही, साधन नाही, तरी माणसं एकत्र. पुढच्या वर्षी हाच पाठवायचा. आणि या वेळी चूक करायची नाही, म्हणून वेल लहान आहेत तोवरच, आत्ताच, 'आधी'चा फोटो काढून ठेवावा असं सुचलं. रस्ता ओलांडून गेले. कशी आहेस बाई, म्हणाले सगळे. सरकून बस असं कुणी म्हणालं नाही, पण पायरी अरुंद आहे. मी फोन काढला.

आई बोलायची थांबली. फक्त हात पुढे करून वेलावर धरला.

घरी येऊन पाहिलं. फोटोत वेल आलाच नाही. नुसता आईचा हात आलाय.