फाटक वाऱ्याने उघडले नव्हते

मी, टेल्मो रोचा लोरेन्सो, वय ७३, राहणार लास त्रिसिआस, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याशिवाय गावाने विश्वास ठेवला नसता.

१. राहते घर व मागची बदामाची झाडे बहीण फिदेलिना हिला. चाळीस वर्षे ती माझ्या उकडलेल्या बटाट्यांना नावे ठेवत आली. आता त्याच चुलीवर तिने करून दाखवावेत.

२. माझी सर्व हत्यारे डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेच्या कार्यशाळेला. तिथे मी अठरा वर्षे नोकरी केली. लग्नकार्यात मी स्वतःला खगोलशास्त्रज्ञ म्हणवून घेई. प्रत्यक्षात आरशांचे स्क्रू आवळत असे.

३. दूर कुठे एखादा प्रचंड तारा कोसळतो, तेव्हा गॅमा किरणांचा स्फोट होतो. उपग्रह वर्दी देतो आणि आमची दुर्बीण अर्ध्या मिनिटात आपोआप तिकडे वळते. ते किरण हवेवर आदळून क्षणभर निळसर चमक उठते, ती आरशांनी टिपायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. आमच्या वाट्याला वर्षानुवर्षे ढगच आले.

सोळा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, माझी शेळी मार्केसा विण्याच्या बेतात होती. घरी कोणी नव्हते, म्हणून तिला गाडीत घालून कामावर नेले. तिन्हीसांजेला ती तारेखालून दुर्बिणीच्या कुंपणात शिरली. मी फाटक उघडून तिच्यामागे धावलो आणि नेमकी तेव्हाच वर्दी आली. फाटक उघडले की दुर्बीण जागीच थांबते, आतला माणूस चिरडू नये म्हणून. माणूस वाचला, शेळीही वाचली. दुर्बीण पुन्हा हलायला चाळीस मिनिटे लागली. अब्जावधी वर्षे चालत आलेला उजेड तोवर विझला होता.

मी नोंदवहीत लिहिले, ‘वाऱ्याने फाटक उघडले.’ त्या दिवशी पानही हलत नव्हते.

पाळीप्रमुख कासियानो ब्रितो याने कडी तपासली नाही, असे ठरले. त्याची नोकरी गेली. “कडी मी स्वतः लावली होती,” असे तो सांगत राहिला आणि मी बारमध्ये मान हलवत “बिचारा!” म्हणत राहिलो.

सबब माझा द्राक्षमळा कासियानोला द्यावा व हे कलम माझ्या पश्चात बारमध्ये मोठ्याने वाचावे.

४. कलम ३ मध्ये दुरुस्ती. आज हा मसुदा कासियानोला दाखवला. तो दुसऱ्याच्या मळ्यात छाटणी करत होता.

“मेल्यावर वाचायचं?” तो म्हणाला. “भेकडा, मग शिव्या कोणाला घालू? शवपेटीला?”

“अरे, मळा देतोय ना तुला!”

“मळा कोणी मागितला? चल बारमध्ये. आत्ताच्या आत्ता.”

रविवारची दुपार, गाव डोमिनोच्या डावावर बसलेले. मी उभा राहून वाचले. शेळीपाशी सगळे हसले. ‘बिचारा’पाशी कोणीच हसले नाही. नंतर कासियानोने पाव तास मला जे ऐकवले, ते कोणत्याही दस्तऐवजात लिहिता येणार नाही. लोकांनी खुर्च्या पुढे ओढून घेतल्या.

शेवटी तो म्हणाला, “तुझ्या वेली मी रोज रस्त्यावरून बघतो. छाटणी येत नाही तुला. उद्या सातला मळ्यात ये, शिकवतो.”

सबब वाचनाची अट हयातीतच पुरी झाल्याने रद्द समजावी. मळ्याचे कलम कायम. सकाळी सातला हजर व्हायचे असल्याने इथेच सही करतो.

टेल्मो रोचा लोरेन्सो

साक्षीदार:
१. आबिलिओ मेदेरोस, बारमालक
२. ओरेन्सिया काब्रेरा, शेजारीण

स्थळ: लास त्रिसिआस, ला पाल्मा बेट
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२४