मेटाडोर सोडणार नाही

११ जाने. २००५, जयसिंगपूर
डॉक्टर म्हणाले, "बाई, गुडघा झिजलाय. गाडीतला संसार आवरा, घरी बसा." तीस वर्षं पोरींना पी.टी. शिकवली, आणि मला बसा म्हणतात! रिटायर झाल्यावर वर्षभर घरी बसले, तेव्हाच तर धरला हा गुडघा. मग ह्यांनी जुनी मेटाडोर घेतली. आत फळीची कॉट, शेगडी. नऊ महिने तेच घर. हे आयुष्यभर ड्रायव्हर, त्यांना काय, स्टेअरिंग हातात असलं की झालं.

१५ जाने., वारणानगर
मैदानाकडेला मुक्काम. दोन्ही हातांत पाण्याचे भरलेले कॅन, दहा फेऱ्या. मग गाडीच्या पायरीवर चढउतार. वॉचमन ह्यांना विचारतो, "पावणं, बाईंचं काय बिनसलंय व्हय?"
"बिनसलं न्हाय, रोजचंच हाय."
गुडघा ठणकला. शेकला. फेऱ्या कमी करणार नाही.

२० जाने., मुरगूड
तळ्याकाठी. ह्यांच्याकडून पण दहा जोर काढून घेतले. कुरकुर चालूच. बूथवरून लेकाला, महेशला, फोन. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला कुणीतरी सांगितलंय. रविवारी येतो म्हणाला. बोलण्याचा सूर लेकाचा नाही, हेडमास्तरांचा.

२३ जाने., रवि.
महेश कागलहून आला. "आई, आता बास. लोकं इचारत्यात, आईबापाला घर न्हाय काय म्हणून."
म्हटलं, तळ्याकडेनं माझ्याबरोबर चल, मग बोल. पस्तिशीचं पोरगं, अर्ध्यात धाप लागून खाली बसलं. मी हसले. हसायला नको होतं. लालबुंद झाला. परत येऊन गाडीची किल्ली काढली, खिशात टाकली.
"घरी ऱ्हायला या, मग देतो."
तो गेल्यावर मी रडले. लिहून ठेवते, खोटं कशाला.

२४ जाने., सोम.
निढोरीच्या स्टॉपवर बसून लिहितेय. हे गाडीपाशी थांबलेत. निघताना म्हणाले, "यष्टीनं जा की गं." नाही. महेशच्या दारात चालत जाणार, मग किल्ली मागणार. देईल? काय माहीत. पोरगं माझ्यासारखंच हट्टी.
गुडघा टम्म सुजलाय. आत्ता कागलची एसटी थांबली. कंडक्टर ओरडला, "चढा की मावशी, मोकळीच हाय!"
हात हलवला, जाऊ द्या म्हणून. गेली.
अजून बराच रस्ता. उठते.