उज्वलाच्या जीपचं गणित

नांदेड, ४ ऑगस्ट २०२५

ती. वीरण्णाकाकांना सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

उज्वलावहिनीला तुमच्याकडे माहेरी न्यायला हरकत नाही, असं आज डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं. अट एकच, हादरे नकोत. तुमच्या जीपचं नाव काढताच आई अडून बसली. म्हणते, मागच्या वेळी उतरल्यावर मी माझे दात मोजले होते. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, असा हट्ट धरून वहिनी रुसली आहे. फोनवर बोलावं तर आई ऐकते, म्हणून हे पत्र.

गाडी किती उसळते, वळणावर किती कलते, हे समीकरणांनी काढता येतं. कॉलेजचा माझा प्रकल्पच तो आहे. सोबतचा जुना फोन हादरे मोजतो, तो मागच्या सीटला चिकटपट्टीने बसवून लोह्यापर्यंत फेरी मारा. हादऱ्यांचा आकडा शून्य पूर्णांक पाचच्या आत आला तर वहिनीला सोडीन, असं आईने कबूल केलंय. वळणाच्या गणितात मी तुमची जीप दोनच चाकांची धरली आहे. तशी रीत असते, घाबरू नका.

लोभ आहेच, तो खड्ड्यात सांडू नये.

सृष्टी

अहमदपूर, ७ ऑगस्ट

चि. सृष्टीस अ. उ. आ.

तुझं वाचून बाहेर जाऊन चाकं मोजली. चारच हायेत, वर एक स्टेपनी. ती कुठं धरलीस? फेरी झाली. मागं तुझी काकू बसली होती. एका खड्ड्यात तिचं डोकं टपाला लागलं, पण फोनला काही झालं न्हाई. फोन एसटीनं परत पाठवतो. इकडं उज्वलाची खोली रंगवून तयार हाय.

माया आहेच, आकडा लवकर कळव.

वीरण्णाकाका

नांदेड, १० ऑगस्ट

ती. काकांना सा. न.

आकडा आला शून्य पूर्णांक शून्य सहा! जीप चालू होती की उभी, असं आमच्या सरांनी विचारलं. माझं समीकरण एक पूर्णांक दोन सांगतं. खरं सांगा, काय केलंत? आईला अजून काही बोलले नाही.

फोन पुन्हा पाठवते, आता आकडा त्यावरच दिसेल. आता टपावर काही ठेवू नका, त्याने वळणावर जीप कलते. सोयाबीनची चार पोती मागे खाली टाका. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन पडलं की उसळी घटते. चाळीसच्या वर जाऊ नका.

रागावू नका, आशीर्वाद असू द्या.

सृष्टी

अहमदपूर, १३ ऑगस्ट

चि. सृष्टीस अ. उ. आ.

गुन्हा तुझ्या काकूचा. लोकाच्या लेकराची वस्तू फुटायला नको म्हणून तिनं फोन बाळाच्या नव्या दुपट्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. हसून हसून मला ठसका लागला.

तू सांगितलं तसं सगळं केलं. आज फोन दाखवतो शून्य पूर्णांक पाच दोन. म्हणजे जरासं जास्तच. विहीणबाईंना खरं तेच सांग. काकू सकाळपासून उज्वलाची खोली झाडत बसली हाय.

तुझाच, खालच्या मानेनं,

वीरण्णाकाका

नांदेड, १५ ऑगस्ट

ती. काका-काकूंना सा. न.

आईला दुपट्यासकट सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग विचारलं, आकडा खाली यायला अजून किती वजन लागेल? मी म्हटलं, साधारण पासष्ट किलो. आईने वजनकाटा काढला, त्यावर उभी राहिली, आकडा कोणाला दाखवला नाही, आणि पिशवी भरायला घेतली. विहीणबाईंकडे आठ दिवस राहीन म्हणते.

तर रविवारी नऊला या. वहिनी मधल्या सीटवर आणि आई तिच्या मागे, बरोबर पाट्यांच्या वर.

सर्वांना नमस्कार, आणि जीपलाही.

सृष्टी