कळपाच्या मागे

शुक्र. ३ फेब्रु. १९८४
वाचनालयाच्या चित्रपट मंडळाचे चिटणीस शाळेत आले. रविवारी संध्याकाळी इंग्रजी सिनेमा. अमेरिकेतला, जुना, काळा-पांढरा. गुरं हाकत लांब नेण्याचा. "बाई, लोकांना इंग्रजी कळणार नाही. रीळ बदलताना पाच-सहा मिनिटं जातात, तेवढ्यात पुढची गोष्ट मराठीत सांगा." हो म्हटलं. गोष्टीचा टाइप केलेला कागद दिलाय, अर्धा पुसट. घोडे-बंदुकांचे सिनेमे मला मुळीच आवडत नाहीत. नववीचे पेपर तसेच पडलेत. आबांनाही न्यावं लागेल. गुडघा धरल्यापासून त्यांना एकटं ठेवत नाही.

रवि. ५ फेब्रु.
काय सिनेमा! आधी बोलले ते शब्द मागे.

एक म्हातारा मालक आणि त्याची दहा-बारा माणसं, हजारो गुरं, आणि रेल्वे आहे तिथपर्यंत तीन महिन्यांची वाट. बस, एवढंच. पण ती गुरं! पडदाभर पाठी आणि शिंगं, धूळ, मधे एखादा घोडेस्वार बुडाल्यासारखा. पाणी नसलेलं मैदान आलं तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. नदी ओलांडण्याचा भाग किती वेळ चालतो, तरी संपू नये असं वाटतं. एक गाय पाण्यात शिरायलाच तयार नाही, आणि एक माणूस गळाभर पाण्यात उभा राहून तिच्याशी बोलतोय. काय बोलतोय ते ऐकू येत नाही, कळतं मात्र.

माझ्या मागे बंदरावरचे दोघं बसले होते. त्यातला एक मोठ्यानं, "ओहोटीला का नाय घालत पाण्यात?" सगळा हॉल हसला.

आबा अगदी ताठ. आयुष्यभर घाटावरच्या बाजारातून बैल घेऊन खाली खेडकडे चालत आणले त्यांनी, लावणीच्या आधी. मधेच म्हणाले, "पुढचा बैल बघ. तो चालला तर सगळे चालतात. ह्या लोकांना ठाव हाय." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र ते देत नाहीत.

मी चार वेळा माइकवर. ठीक झालं असावं.

सोम. ६ फेब्रु.
सकाळी चहा घेताना आबा: "शालू, काल तू लोकांना चुकीचं सांगितलंस."
"काय चुकलं?"
"तो पळालेला गडी. मालकानं माफ केला म्हणालीस."
"कागदावर तसंच होतं."
"कागद गेला चुलीत. माफ नाय केलान. मागं धाडलान."

सिनेमात एक गडी आहे, तरुण. पाण्याविना गुरं मरायला लागतात तेव्हा घोडा घेऊन पळून जातो. पुढे बाकीच्यांना सापडतो, ते त्याला मालकापुढे उभा करतात. वाटतं, आता गोळी घालणार. मालक नुसता बघतो, दोन शब्द बोलतो, घोडा वळवतो. गडी कळपाच्या मागे जाऊन उभा राहतो. मी म्हटलं, माफी. आबा म्हणतात, कळपाच्या मागची जागा सगळ्यात वाईट. सगळ्यांची धूळ खायची, लंगडं-आजारी ढोर सांभाळायचं, सगळ्यांच्या शेवटी पोचायचं.
"पण जागा दिलान ना," एवढं बोलून उठले. चहा तसाच.

वीस वर्षं इंग्रजी शिकवते. आबांना 'येस-नो'पलीकडे येत नाही.

मंगळ. ७ फेब्रु.
आबांनी हट्ट धरला, पुन्हा बघायचाय. प्रिंट उद्या परत जाणार. चिटणिसांना भीतभीत विचारलं, तर ते खुश! दुपारी हॉलमध्ये आम्ही सात-आठ जण. आज आबा पडद्यापेक्षा त्या गड्याकडेच बघत होते. तो पळतो तिथे डोळे मिटले. मालकापुढे आणतात तिथे माझा हात धरला. इतका घट्ट, की बांगडी रुतली.

या वेळी मीही नीट बघितलं. मालकाच्या तोंडावर राग नाही, दयाही नाही. दमलेला माणूस आहे, आणि त्याला माणसं कमी पडतायत. त्या नटानं एक भुवईसुद्धा हलवली नाही. असं काम करता येणं म्हणजे...

गुरु. ९ फेब्रु.
लिहावं की नाही, दिवसभर ठरत नव्हतं. लिहिते.

सकाळी शाळेला निघताना आबा म्हणाले, बस वाईच. बसले. पहिला तास बुडाला.

माझ्या जन्माआधी दोन वर्षं. आबा चोवीसचे. गावचा तुकादादा त्यांना बरोबर न्यायचा. दहा वर्षांनी मोठा, बैलांतला जाणता. तीस बैल घेऊन दोघंच घाट उतरत होते. वळवाचा पाऊस आला, गारा, विजा. बैल उधळले. तुकादादा म्हणाला, "तू खिंडीत उभा राहा, एकपण बैल मागं वळू देऊ नको. मी खाली जाऊन पुढचे गोळा करतो."

आबा उभे राहिले. मग वीज कुठेतरी जवळच पडली आणि बैल त्यांच्या अंगावर आले.
"मी पळालो गो. पायवाटेनं. सकाळी घरात."

घरी सांगितलं, तुकादादानं निरोप द्यायला पुढं धाडलंय.

तुकादादा चौथ्या दिवशी आला, अठ्ठावीस बैल घेऊन. दोन दरीत गेले. तो स्वतः एक पाय ओढत होता, तो पाय पुढे कायम तसाच राहिला. चार माणसांत कोणीतरी विचारलं, "भिव्याला तूच धाडलास पुढं?" तुकादादानं आबांकडे बघितलं. "होय, मीच धाडला."

पुढच्या वर्षी त्यानं आबांना बोलावलं नाही. मग हेदवीला बायकोच्या गावी जाऊन राहिला. नंतर आबांनी स्वतः वीस वर्षं बैल आणले. लोक म्हणायचे, भिवानं एक बैल कधी सोडला नाही.
"एकदा खेडच्या बाजारात दिसला. मी वाट बदलली."

शाळेत उशीर का, मु. अ. नी विचारलं. डोकं दुखत होतं म्हटलं.

रवि. १२ फेब्रु.
राग आला होता. आबांवर? मी सातवीत 'माझे वडील' निबंध लिहिला होता. बक्षीस मिळालं होतं त्याला. त्यात गारांचा पाऊस होता, खिंड होती, एकही बैल न सोडणारे आबा होते. तेव्हा त्यांनी तो वाचायला घेतला आणि अर्ध्यावर ठेवून दिला. मला वाटलं, अक्षर लागत नसेल.

आज राग नाही. तुकादादाचाच विचार येतो. पाय मोडलेला, चार दिवसांचा उपाशी, समोर दोषी माणूस उभा. एका शब्दात त्याला गावातून उठवता आलं असतं. नाही उठवलं. हे सिनेमातल्यापेक्षा मोठं आहे. खरं काय ते कुणाला कळणारही नव्हतं, तरीही.

आबांना म्हटलं, जायचं का हेदवीला?
"जिवंत हाय का तो?"
"चौकशी करते."

मंगळ. १४ फेब्रु.
आठवीतल्या एका मुलीचं आजोळ हेदवी. आहे, म्हणाली. ऐकायला कमी येतं, लेक यशोदा सांभाळते. शनिवारी रजा टाकली.

शनि. १८ फेब्रु.
एसटीनं जयगड, होडीनं खाडीपलीकडे तवसाळ, तिथून पुन्हा एसटी. होडीत चढताना आबांना दोघांनी धरलं. नवं धोतर, टोपी. मुलगी बघायला निघाल्यासारखे.

तुकादादा पडवीत सुंभ वळत बसला होता. अठ्ठ्याहत्तरचा, पण केवढा रुंद माणूस! बघितल्याबरोबर, "भिवा!" चाळीस वर्षांनी.

पाणी, गूळ, चहा. मग आबांनी हळू आवाजात सुरुवात केली.
"काय?" तुकादादा कानाला हात लावून.
पुन्हा सांगितलं. "मोठ्यानं बोल!"

शेवटी आबांना ते ओरडून सांगावं लागलं. चाळीस वर्षं बायकोलाही न सांगितलेलं. "मी पळालो! खिंडीतनं पळालो मी!" शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. यशोदाच्या हातातलं सूप तसंच.

तुकादादानं सुंभ खाली ठेवलं.
"पळालास कुठं? मीच धाडला तुला."
"तू नाय धाडलास!"
"मी म्हणतो ना धाडला."
"अरे खोटं हाय ते, तुकादादा!"
"म्हाताऱ्या माणसाला त्याच्या दारात खोटं पाडतोस?"

आणि सुंभ वळायला लागला.

मला हसू आणि रडू एकदम. खरंच विसरलाय? की आठवायचं नाहीये म्हणून? की चाळीस वर्षं दुसऱ्याचं खोटं सांभाळून आता ते त्याचंच झालंय? त्याच्या तोंडावरून काही कळेना.

परतीच्या गाडीची वेळ झाली. आबा खांबाला टेकून बसले ते उठेनात. "तू जा. हा कबूल होईपर्यंत मी हलत नाय."
"आबा, तुमची औषधं..."
यशोदा म्हणाली, "राहू देत ताई. आमच्या बांकडे कोण येत नाही."
तुकादादा वर न बघता: "ऱ्हाऊ दे त्याला. भाकरी हाय."

एकटीच आले. होडीत वाऱ्यानं पदर सांभाळत उभी राहिले, आणि वाटलं, हे दोघं किती चांगले आहेत. किती हट्टी आहेत.

बुध. २२ फेब्रु.
घर मोठं वाटतं. औषधं आणि दोन बंड्या एका ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवल्या. चिटणीस भेटले. पुढल्या महिन्यात दुसरा सिनेमा, विनोदी. येणार का सांगायला? हो म्हटलं, पण कागद आधी मीच तपासणार.

सोम. २७ फेब्रु.
यशोदाचं पत्र आलं. शाळेच्या पत्त्यावर.

"ताई, तुमचे आबा बरे आहेत. औषध घेतात. दोघांचं रोज तेच चालतं. एक म्हणतो पळालो, दुसरा म्हणतो धाडला. परवा तुमचे आबा रागावून जेवले नाहीत, तर आमचे बा पण उपाशी बसले. मी दोघांना ओरडले तेव्हा एका ताटातून जेवले. आमचे बा इतकं बोलताना मी कधी बघितले नव्हते. तुम्ही घ्यायला यायची घाई करू नका."

खाली आबांचं अक्षर. चौथी शिकलेल्या माणसाचं, वर चढत गेलेलं:

"शाळा सोडून येऊ नको. आज तुका आपणहून घाटाचं बोलायला लागला. गारांपर्यंत आलाय."

पत्रावर तारीख शुक्रवारची आहे. आज सोमवार. एव्हाना दोघं खिंडीत पोचले असतील.