आरशाला हात लावू नये

ती. सुशीलाअक्कास,

धाकट्या ज्ञानदेवचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे धडधाकट. तुझा डावा गुडघा कसा आहे? परवा फोनवर 'बरा आहे' म्हणालीस, पण म्हणताना खुर्ची करकरली आणि तू श्वास रोखलास, ते मला ऐकू आलं. (माझ्या कानांवर तुझा फार विश्वास. पत्र संपेपर्यंत तो राहील असं वाटत नाही.) फोनवर बोलायला जीभ रेटेना, म्हणून लिहितोय. तुझ्या दिराला, आनंदाला, मी चारचौघांत बोललो. त्याने तुला दौंडला काही कळवलं नसणार. तो कळवणाऱ्यातला नाही, म्हणून मीच कळवतो.

आमचा नवा पिकअप ट्रक तू पाहिला नाहीस. त्याचे दोन्ही बाजूंचे आरसे मोटारवर चालतात. बटण दाबलं, किंवा किल्लीने गाडी लॉक केली, की म्हशीने कान पाडावेत तसे आपोआप मिटतात. ही चैन नव्हे. आपलं रोपांचं दुकान सदाशिव पेठेत, आणि त्या गल्लीत आरसे मिटल्याशिवाय गाडी आत शिरत नाही. (समोरच्या सरोजिनीबाई पहिल्याच दिवशी गॅलरीतून म्हणाल्या, "आरसे मिटतात, छान. हॉर्न मिटतो का, तेही विचारून ठेवा.") शोरूमवाल्याने बजावलं होतं, हे आरसे हाताने ढकलायचे नाहीत, आतल्या चाकाचे दाते तुटतात. आणि गाड्या धुणारे नेमकं तेच करतात. येता-जाता कोपराने आरसा ढकलायचा, सांध्यात पाण्याचा फवारा सोडायचा, वर ओलं फडकं तिथेच लटकवायचं.

म्हणून मी काय केलं, तर लोणीला आनंदाच्या धुलाई केंद्रात प्लास्टिकमध्ये मढवलेली पाटी घेऊन गेलो. 'आरशाला हात लावू नये. फवारा दूर धरावा. फडके मऊ असावे. सूचना दोनदा दिली जाणार नाही.' ही पाटी मी त्याच्याच भिंतीवर, त्याच्याच खिळ्याला, खंडोबाच्या फोटोशेजारी टांगली. सोलापूर रस्त्यावर आम्ही दोघांनी एका बादलीत ट्रक धुतले, अक्का. मी पुढे रोपांच्या धंद्यात गेलो, तो पाण्यातच राहिला. त्या माणसाला मी फडकं कसं असावं ते लिहून दिलं! त्याने वाचलं आणि हसला. म्हणाला, "ज्ञान्या, तुला अंघोळ घालायची असली तरी अशीच पाटी आणशील लेका." मी हसलो नाही. तेव्हाच हसलो असतो तर पुढचं बरंच टळलं असतं.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी गाडी धुवायला नेली. उजव्या बाजूने आनंदाने सुरुवात केली. मी आत चहा घेत बसलो. शेजारी सौमित्र नावाचा हिंजवडीचा एक इंजिनियर, त्याचीही गाडी रांगेत होती. त्याला मी आरशांची महती सांगत होतो. (तो ऐकून घेत होता, मुलगा सुसंस्कृत आहे.) एवढ्यात बाहेर 'कट्ट' झालं. दात्याचा आवाज मला झोपेतही कळेल. धावलो. डावा आरसा अर्धवट मिटून वाकडा झालेला, आणि त्याच्यापाशी आनंदा, हातात ओलं फडकं. मग माझं तोंड सुटलं. सगळं लिहवत नाही, पण शेवटचं वाक्य असं होतं, "आयुष्यभर फडकंच मारलंस, तुला वस्तूची कदर काय कळणार?" चार गिऱ्हाईकं उभी होती. आनंदाने आधी नळ बंद केला. मग म्हणाला, "बरं, ज्ञानदेवशेठ. आपण म्हणाल तसं."

पंचेचाळीस वर्षं ज्ञान्या म्हणणाऱ्याने मला 'आपण' म्हटलं.

सोमवारी मेकॅनिकने आरसा उघडला आणि सांध्यातून वीतभर नायलॉनची दोरी ओढून काढली. दोरीला झेंडूची सुकलेली पाकळी. दसऱ्याला गाडीला माळ मीच बांधली होती. गेल्या वर्षी जुन्या गाडीची माळ हडपसरला उडून मागच्या स्कूटरवाल्याच्या गळ्यात पडली (तो तशीच घालून गेला), म्हणून यंदा डाव्या आरशाच्या दांडीला सात वेढे आणि वर गाठी. श्यामला म्हणाली होती, "अहो, हा आता मिटणार कसा?" मी म्हटलं, तू कुंकू लाव. फुलं सुकल्यावर ओरबाडून काढली, काळी दोरी काळ्या दांडीवर तशीच राहिली. गाडी तोवर घराशेजारी रोपांच्या मळ्यात उभी होती, आणि मळ्यात मी लॉक कधीच करत नाही.

मेकॅनिकने विचारलं, मग लॉक केली कोणी? तेव्हा आठवलं. किल्ली माझ्याच हातात होती. आरसे कसे मिटतात ते सौमित्रला दाखवायला बटण मीच दाबलं होतं. मी बाहेर धावलो तेव्हा तो मागून "काका, अहो काका" म्हणत होता म्हणे. माझ्या या कानांना ते ऐकू आलं नाही.

बुधवारी माफी मागायला लोणीला गेलो. मळ्यातल्या चिखलातून गेलो होतो, आणि आनंदा समोर आल्यावर तोंडातून निघालं काय, तर "गाडी धुवायची होती." त्याने धुतली. चाकांच्या आतून, स्प्रिंगच्या पाट्यांखालून, अशी गाडी पुण्यात कोणी धुणार नाही. फक्त दोन्ही आरसे चिखलाने माखलेले तसेच ठेवले. मी बघतच राहिलो, तर त्याने मान वळवून माझी पाटी दाखवली. लोणीपासून पेठेपर्यंत मागचं काही न दिसता आलो.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
ज्ञानदेव

ता. क. आरसे अजून पुसलेले नाहीत. श्यामला म्हणते, स्वतः पुसा. पुसता येतात मला, फडकं धरायला विसरलेलो नाही. पण ते त्याने पुसावेत असं वाटतं.

ता. क. दुसरा. खरं काम हे. दरवर्षी भाऊबीजेला आनंदा तुला लोणी स्टेशनवरून आणतो आणि आपल्याकडेच जेवतो. यंदा त्याने श्यामलाला निरोप धाडलाय, की वहिनींना रिक्षा करून द्यावी. तू रिक्षात बसू नकोस. गुडघा दुखतोय म्हण. (दुखतोच आहे.) तो तुला एकटी सोडणार नाही, दारापर्यंत येईल. पुढचं मी बघतो. बघतो म्हणजे, आतल्या खोलीत बसून राहीन. त्याने 'ज्ञान्या' अशी नुसती हाक मारली, हळू मारली, तरी मला ऐकू येईल.