पूजेतली हत्यारं

आणि एवढं सांगा मिस्त्री, माझ्या शर्टावर डाग कुठं होता? मेल्यावर तरी माणसानं खरं बोलावं. खंडेनवमीचा दिवस, गॅरेजातले पाने, छन्न्या, हातोडे, ड्रिल सगळं रॉकेलनं धुऊन पाटावर मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हे कवठे महांकाळात शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्हीच सणाला दिलेला नवा आकाशी शर्ट घालून मी, तुमच्या हाताखालचं पोरगं, शेजारच्या दुकानांत पेढे वाटत होतो. तुमचे हात कोपरापर्यंत काळे. तरी सगळ्या स्टँड रोडनं तुमचंच ऐकलं. शर्टाकडं कुणी बघितलंच नाही.

तुम्ही विसरला असाल म्हणून पहिल्यापासून सांगतो. दुपारी तो फौजी मोटरसायकल ढकलत आला. सुट्टी संपली होती, रात्री मिरजेतनं रेल्वे आणि गाडीही बरोबर न्यायची. इंजिनाला सायलेन्सर धरणारा बोल्ट आतच मोडलेला, वर बोटाला लागेल एवढंसुद्धा टोक नाही. तुम्ही म्हणालात, "आज हत्यार उचलत न्हाई फौजी." तो म्हणाला, "आवं मिस्त्री, सरहद्दीवर कोण खंडेनवमी बघून गोळ्या घालत न्हाई." तुम्ही हसला. त्याला म्हणालात, ठेवून जा, बघतो काय जमतंय ते. तो जेवायला गेला आणि तुम्ही शटर अर्ध्यावर ओढलं. मी पेढ्यांचं ताट घेऊन परत येतो तर तुम्ही गुडघ्यावर बसलेले, पाटावरचं ड्रिल तुमच्या हातात आणि फुलं खाली पडलेली. मोडक्या बोल्टाच्या पोटात भोक पाडून तुम्ही त्यात तो फिरवून काढायचा उलट्या आट्यांचा इझीआउट बसवता. तो फिरत नाही. तुम्ही घाईत पान्याला पाइप लावून जोर देता आणि टक्कन आवाज होतो. इझीआउट आतच मोडला. ते पोलाद इतकं कडक की त्याच्यापुढं ड्रिलचाही दात चालत नाही. मोडका बोल्ट निघतो एकवेळ, पण त्यात मोडलेला इझीआउट म्हणजे त्या इंजिनाचं हेडच गेलं.

मागच्या दारात काकी उभ्या होत्या, तुमच्या बायको. त्यांनी बघितलं, मी बघितलं, तिसरं कुणी नाही. फौजी आला तशी तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत. "मी जेवायला गेल्तो, तवर ह्यानं पूजेतलं हत्यार उचललं." नुसतं मोडलं म्हणाला असतात तर मी सोसलं असतं, पोरांच्या हातनं मोडतंच. पण पूजेतलं. त्यानंतर स्टँड रोडला मला कुणी पान्याला हात लावू दिला नाही. "नको गड्या, तू नवमी बाटवलेला," असं हसत हसत म्हणायचे आणि हसत हसतच हाकलायचे. मिरजेपर्यंत बोभाटा झाला. नाव पडलं मोडक्या. आई दळण आणायला गेली तरी गिरणीवाला विचारायचा, "मोडक्या काय म्हणतोय?" शाळा तर सातवीतच सुटलेली, हातात होती ती तेवढी कला, तीही तुम्ही घेतलीत. मग मामानं त्याच्या गलाईच्या दुकानावर गुवाहाटीला नेलं. सोनं गाळायच्या धुरात दोन पावसाळे खोकलो, शेवटी तिथल्याच एका गॅरेजात शिरलो. तुम्ही छातीत कळ येऊन गेल्याचा फोन तिथंच आला. त्या संध्याकाळी मी जिलेबी घेतली, पोरांना वाटली आणि स्वतःही खाल्ली.

इथं आता मोडके बोल्ट माझ्याकडंच येतात. दुसऱ्या गॅरेजातनं सुद्धा पाठवतात. मी इझीआउटला हात लावत नाही. टोकावर नट ठेवून वेल्ड मारतो, धातू तापलेला असतानाच कडेनं मेणबत्ती फिरवतो म्हणजे मेण आट्यांत उतरतं, मग बसून राहतो. निवू देतो. मग पाना लावून आधी केसभर आवळायचा, मगच सोडायचा. घासलेल्या स्क्रूवर पण पहिला ठोका आवळायच्या बाजूनं मारायचा, सोडायच्या नाही. हे सगळं माझं मीच शिकलो असं इथल्या पोरांना सांगतो. आवळून सोडायचं तेवढं तुमचं आहे. तुमचं नाव घेत नाही.

गेल्या महिन्यात काकींचा फोन आला. गॅरेजाचा गाळा द्यायचाय, मोबाइलवाला मागतोय, पण आधी तुला विचारते म्हणाल्या. मी म्हणालो, घेतो, पण एका अटीवर. त्या फौजीला सांगायचं, कुणी मोडलं ते. काकी म्हणाल्या, "मेलेल्या मानसाला खाली बघायला लावतोस व्हय रं?" मी म्हणालो, "जित्या मानसाला लावलं, तवा तुमी दारातच हुता काकी." फोन ठेवला त्यांनी. वाटलं, संपलं.

पण काकी फौजीकडं गेल्या. फौजी आता पेन्शनीत आलाय, त्याच्या घरी जाऊन मला फोन लावला, तो दोघांच्या मधे ठेवला आणि मला ऐकू जाईल असं बोलल्या, "त्यो इझीआउट आमच्या मालकांनी मोडला, पोराचं नाव घितलं." मी इथं गॅरेजाच्या मागं भिंतीला टेकून उभा. एवढी वर्षं हेच ऐकायला जगलो म्हणा. फौजी म्हणाला, "कुठली गाडी? ती व्हय? ती तर तवाच इकली की. कोन पोरगं हुतं म्हनता?" काकींनी माझं नाव सांगितलं. तरी त्याला आठवेना. "चा घ्या," म्हणाला.

त्याला आठवतच नाही, मिस्त्री. ज्याच्यासाठी तुम्ही मला बाटवलं त्याला ती गाडीसुद्धा धड आठवत नाही. तुम्ही तर गेलात. आता मी कुणाच्या छाताडावर बसू? रात्रभर तळमळलो आणि सकाळी काकींना म्हणालो, गाळा माझा. चालवायला येईन का, ते ठरलं नाही. पण शटरवरचं तुमचं नाव पहिलं जाणार, तिथं माझं लागणार, आणि मोडक्या म्हणणाऱ्यांनी येता-जाता ते वाचायचं. पेंटर स्टँड रोडचाच आहे. त्यानं फोनवर विचारलं, जुनं नाव खरवडून काढू का वरून रंग मारू? मी म्हणालो, वरूनच मार, खरवडायला पैसे जास्त पडतात. तो म्हणाला, "न्हाई हो, सारखंच पडतंय." मी म्हणालो, तरी वरूनच मार. खाली तुमचं नाव तसंच राहील, हे काकींना सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगून उपयोग नाही. पेंटरला आत्ता पाठवतोय, अठराशे रुपये.