मामा, तुमचं ऑपरेशन रद्द झालेलं नाही

ती. मामांना, आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या मामींना, साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे देवाच्या कृपेने ठीक आहोत. मामांचे गुडघे, मामींची पाठ आणि गॅलरीतलं लिंबाचं झाड कसं आहे ते कळवावं. (डोळ्यांचं मुद्दाम विचारत नाही. पत्र त्यांच्यासाठीच आहे.)

मामी फोनवर म्हणाल्या, की रद्द झाल्याचं लेखी आलंय, तर रद्द झालं नाही हेही लेखीच यायला हवं, असं तुम्ही बजावलं आहे. म्हणून लेखी कळवतो. येत्या गुरुवारचं तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जसंच्या तसं आहे. तो संदेश हॉस्पिटलने पाठवलेला नव्हता. मी पाठवला होता. म्हणजे मीही नाही, माझ्या कॉम्प्युटरने. पण त्याला शिकवलं मी, तेव्हा मीच.

झालं असं. पेशंटने घरबसल्या वेळ ठरवायची ती हॉस्पिटलची वेबसाइट आमची कंपनी करते. ती सारखी बदलत असते, आणि बदलताना कुठे काही मोडलं नाही ना, हे बघणं माझं काम. पूर्वी हाताने बघायचो. आता एक प्रोग्राम लिहून ठेवायचा. मग कॉम्प्युटर स्वतःच ब्राउझर उघडतो, खोट्या पेशंटचं नाव भरतो, बटणं दाबतो, आणि सगळं नीट झालं तर हिरवी खूण दाखवतो. कोणी हात न लावता पडद्यावर अक्षरं उमटताना बघून मला अजूनही हात जोडावेसे वाटतात. (ऑफिसात जोडत नाही.) संदेश खरोखर जातो का हे बघायचं, तर खोट्या पेशंटलाही खरा फोन नंबर लागतो. मला पाठ असलेला नंबर एकच, तुमचा. आजारही भरायचा होता, आणि मन तुमच्यातच अडकलेलं, तेव्हा बोटांनी मोतीबिंदू भरला. मध्ये तुम्हाला 'वेळ पक्की झाली' असे संदेश सारखे येत होते आणि हे लोक मागेच लागलेत म्हणून तुम्ही चिडला होतात, तेही मीच.

घोटाळा झाला तो बटणात. पानावरचं बटण कसं शोधायचं ते प्रोग्रामला सांगावं लागतं. मी सांगितलं होतं, खालच्या चौकटीत जा, दुसऱ्या ओळीतलं दुसरं बटण दाब. तिथे 'वेळ पक्की करा' होतं. आमच्याकडे पानं सजवणारी एक मुलगी आहे. (सतत काहीतरी सरकवत असते म्हणून तिला सगळे सुतारीण म्हणतात.) तिने ते बटण उचलून वर नेलं आणि त्या जागी 'वेळ रद्द करा' बसवलं. प्रोग्राम बिचारा आज्ञाधारक. खाली गेला, दुसरी ओळ, दुसरं बटण, दाबलं. नंतर तपासायला मी त्याला एवढंच सांगितलं होतं, की संदेश गेला का बघ. गेला होता. हिरवी खूण उमटली. मी समाधानाने डबा खाल्ला.

तिकडे तुम्ही भरलेली बॅग रिकामी केलीत, शिंप्याला बोलावून चहा पाजलात, आणि डॉक्टरांनाच माझे डोळे ठणठणीत वाटले, असं त्याला सांगितलंत. मामा, हा तोच शिंपी, ज्याच्या दुकानाबाहेरच्या पुतळ्याला शिंपी समजून तुम्ही तब्येत विचारलीत आणि उत्तर आलं नाही म्हणून शिंप्याशी अबोला धरला होतात. (मामी, इथे हसू नका. वाचत राहा.)

मामींचा फोन आल्यावर मी मॅनेजरबाईंना सगळं सांगितलं. त्या माझ्याहून बऱ्याच लहान. ओरडल्या नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"काका, बटण कुठे आहे ते नका सांगू त्याला. कोणतं आहे ते सांगा."

"आणि सापडलंच नाही तर?"

"तर थांबू दे, बोंब मारू दे. भलतंच दाबण्यापेक्षा बरं!"

मला गावच्या शाळेतले गुरुजी आठवले. ते आम्हाला नावाने नव्हे, जागेने ओळखायचे. "खिडकीजवळचा, उभा राहा!" ज्याचा पाढा चुकला तो तोवर सरकलेला असायचा, आणि छडी तिथे येऊन बसलेल्याच्या हातावर. येऊन बसलेला बहुधा मी असायचो, कारण मला खिडकी आवडायची. इतका मार खाऊनही मी कॉम्प्युटरला तेच शिकवलं. संध्याकाळी देवापुढे बसलो तेव्हा वाटलं, आपण देवाला तरी कुठे पत्त्यावर शोधतो? नाव घेतो. तो कुठे सरकला असेल, ती त्याची काळजी.

आता प्रोग्राम बटणावरचं नाव वाचून मगच दाबतो, आणि संदेशात काय लिहिलंय तेही वाचतो. परवा सुतारिणीने 'पक्की करा'चं 'निश्चित करा' केलं. प्रोग्राम जागीच थांबला, पडदा लाल झाला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सापडलं नाही, हेसुद्धा प्रामाणिक उत्तरच. मला दिसत नाही, असं सरळ म्हणणाऱ्याचं काही जात नाही, मामा. तुम्हीही एकदा म्हणून बघा.

तेव्हा बॅग पुन्हा भरा. ऑपरेशन छोटं असतं, दुखत नाही, त्याच दिवशी घरी सोडतात. घाबरण्यासारखं काहीही नाही. मी सुट्टी काढून येतो आणि दाराशी बसतो.

तुमचा भाचा

ता. क. हे पत्र शिंप्याला दाखवू नका. पुतळ्याला दाखवलंत तरी चालेल.

आणखी एक ता. क. 'घाबरण्यासारखं काहीही नाही' हे वाक्य डॉक्टरांचं आहे. ते मला म्हणाले. माझ्याही उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरलाय. घरी हिला अजून सांगितलेलं नाही. (मामी, तुम्हीही सांगू नका.) काल आमच्याच साइटवर वेळ ठरवायला बसलो. सगळं भरलं, दोन्ही बटणं नीट वाचली, आणि 'रद्द करा' दाबलं. त्यात सुतारिणीचा काही दोष नाही. तेव्हा मामा, तुम्ही आधी करून घ्या आणि दुखतं का ते मला खरं खरं सांगा. मग माझ्या वेळी तुम्ही दाराशी बसा. कुठे बसलात ते मला दिसणार नाही, पण मी हाक मारीन.